नदीकाठी नाव घेतलं तर चालतं

मला घाबरण्याचा पगार मिळायचा. हसू नका, खरं सांगते. बेंगळूरच्या एका सरकारी कारखान्याच्या कल्याण विभागात मी नोकरीला होते. हिवाळ्यातल्या रविवारी कामगारांच्या, बाबूंच्या, इंजिनियरांच्या बायकापोरांना, आणि आले तर त्यांनाही, नदीकाठच्या दलदलीत पायी फिरवून पक्षी दाखवून आणायचं, हे माझं काम. जेवढी माणसं बसमध्ये बसली तेवढीच परत आणायची. पक्षी दिसले तर उत्तम, नाही दिसले तर त्यांची मर्जी. आमच्या साहेबांना पक्ष्यांची हौस होती आणि मला मुंडकी मोजण्याची.

आता दिवाळी अंकाच्या संपादकीणबाई म्हणतात, अक्का, पक्ष्यांवर लिहा. अहो, पक्ष्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी लिहिणार ते भीतीवर. त्या विषयात माझा हात कुणी धरणार नाही.

आम्ही बेंगळूरचे जुने मराठी. चिकपेटेत चार पिढ्या कापडाचं दुकान. घरात बोलायचं ते मराठीच, पण त्यात कन्नड इतकं मुरलेलं की पुण्याकडचा माणूस आला की दोन मिनिटं नुसता तोंडाकडे बघत राही. "स्वल्प थांबा" म्हटलं की हसायचे. थोडं थांबा, एवढंच हो, त्यात हसण्यासारखं काय? पण पन्नास-साठच्या दशकात कारखान्यात असे नवे लोक फार आले. मिरज, सातारा, पुणे, कुठून कुठून. नवऱ्यांना ऑफिस होतं, मित्र होते. बायकांना भाजीवालीशी बोलता येईना, शेजारणीशी बोलता येईना. रविवारी नवरे जेवून ताणून देत आणि या बायका क्वार्टर्समध्ये बसून माहेरच्या आठवणीनं रडत. साहेबांनी यावर उपाय काढला तो हा, नदीकाठची रविवारची फेरी. मला मराठी येतं, कन्नड येतं, तमिळ कामापुरतं येतं, म्हणून हे घोंगडं माझ्या गळ्यात पडलं. पाण्याची मला भयंकर भीती वाटते, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं. ते म्हणाले, "उत्तम. न घाबरणारं माणूस मला त्या कामाला नकोच आहे." झालं, गेले.

बस पहाटे निघायची. आता जिथे एचएसआर लेआउट झालंय तिथे तेव्हा नाचणीची शेतं आणि तळी होती. बोम्मसंद्रा म्हणजे एक खेडं. पुढे आनेकलचा फाटा उजवीकडे सोडला की आम्ही डावीकडच्या मातीच्या रस्त्याला लागायचो, आणि तो रस्ता संपे तिथे पिनाकिनी. नदी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर घाट आणि देऊळ येईल. तसलं तिथे काही नव्हतं. नदी नुसती ऐसपैस पसरलेली. घोट्याएवढं पाणी, लव्हाळी, माणसाच्या डोक्यावर जाणारी पाणकणसं. अलीकडे एका जुन्या तळ्याचा मातीचा बांध, उंच आणि सुका. पलीकडे बाभळींनी भरलेलं एक बेट, त्यावर चित्रबलाकांची घरटी. मधलं उथळ पाणी ओलांडून गेलं की बेटाला चिकटून नदीची मूळ धार लागे. रुंदीला फार नाही, पण खोल. किती खोल ते कुणालाच ठाऊक नव्हतं. गावातली एक म्हैस त्या धारेत गेली ती पुन्हा दिसली नाही, एवढं मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. एका ठिकाणी नारळाची दोन खोडं आडवी टाकली होती, तेवढीच तिथून वाट.

बाहेरच्या माणसाला वाटेल, चालण्यात काय शिकायचंय? तर पाय कुठे ठेवायचा ते शिकायचं असतं, आणि ते पक्षी शिकवतात. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडायला लागली की खुशाल चाला, तिची अंडी जवळ आहेत, म्हणजे जमीन सुकी आहे. ढोकरी काठाशी मान आखडून बसली असेल तिथेही भय नाही. कमळपक्षी मात्र फसवा. लांब बोटं पसरून पानांवरून असा ऐटीत चालतो की पोरांना वाटतं तिथे जमीनच आहे. तो चालतो तिथे आपण पाऊल टाकायचं नाही. पाणकावळे बुड्या मारतात त्या बाजूला तर नजरही टाकायची नाही. साड्या वर खोचायच्या, चपला हातात घ्यायच्या, लहान पोर खांद्यावर. आणि शिट्टी. एक लांब शिट्टी म्हणजे असाल तिथे उभे राहा, दोन आखूड म्हणजे माझ्याकडे या. तिसरा नियम सगळ्यात मोठा: एकट्यानं परत फिरायचं नाही.

नियम सगळे मान डोलावून ऐकत, आणि मग व्हायचं ते व्हायचंच. एक बाई घरचा पोपट पिंजऱ्यासकट घेऊन आल्या. का, तर बिचाऱ्यालाही चार जातभाई दिसावेत. बांधावर पोचल्याबरोबर त्यानं "कोण आलंय? कोण आलंय?" असा धोशा लावला आणि नदीतली झाडून सगळी बदकं उठून गेली. साहेबांनी दुर्बीण डोळ्यांवरून काढली आणि माझ्याकडे जे बघितलं, विचारू नका. दुसरे एक आजोबा, माझी पाठ वळताच जांभळी पाणकोंबडी जवळून बघायला म्हणून हिरव्यागार गवतात शिरले आणि मांडीपर्यंत रुतले. गाळात रुतलेल्या माणसाला ओढायचं नसतं. जितकं ओढाल तितका गाळ त्याला धरून ठेवतो. त्याला आडवं व्हायला सांगायचं, पाठीवर, अंथरुणावर निजतात तसं. आजोबा म्हणाले, "मी मेल्यावर आडवा होईन!" मी म्हटलं, "मग थोडाच वेळ राहिलाय." तेव्हा झाले. एक जोडा त्या गाळानं ठेवून घेतला.

सुखाचे क्षणही होते, नाही म्हणत नाही. हळदीकुंकू बदक दिसलं की बायकांना कोण आनंद! चोचीच्या टोकाला पिवळं, मुळाशी लाल. एकजण तर हात जोडायची. महिनोन् महिने तोंड न उघडलेल्या बायका तिथे बांधावर डबे सोडून घडाघडा बोलायच्या. मी मात्र त्यांच्या हसण्याकडे कान देऊन मनात मोजत असायची. मोजणी चुकली की पुन्हा पहिल्यापासून मोजायची, आणि तेवढ्यात कुणीतरी झुडपामागून पातळ सावरत बाहेर यायचं. असं दर रविवारी. माझे केस लवकर पिकले ते उगाच नाही.

आता माधवरावांचं सांगते. ते सांगायचं म्हणूनच लिहायला बसले आहे.

माधवराव आमच्या ड्रॉइंग सेक्शनमध्ये होते. मिरजेहून नुकतेच आलेले, उंच, अबोल माणूस. बायको मालती आणि पाच वर्षांची मुलगी शकू. मालतीला सातवा महिना होता. मी म्हटलं, "या दिवसांत तू दलदलीत येऊन काय करणार?" तर म्हणाली, "अक्का, चार भिंती बघून बघून माझा जीव गुदमरतो. नुसती बसून राहीन." सरी, बरं, म्हटलं, पण बांधावरून हलायचं नाही. बसमध्ये नावं विचारत होते, तेव्हा तिला विचारलं, तुझ्या ह्यांचं नाव काय? ती लाजली आणि बोट करून म्हणाली, "ते बघा, ते, खिडकीशी." शेजारचा माणूस सांगेपर्यंत मला नाव कळलं नाही. तिच्या क्वार्टर्समध्ये माधव नावाचा एक मुलगा होता, त्यालाही ती नुसतं "अरे बाळ" म्हणायची. नवऱ्याचं नाव तोंडातून गेलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं आईनं सांगून पाठवलेलं. मी काही तिला हसले नाही. मीही आमच्या ह्यांचं नाव कधी घेतलं नव्हतं.

संक्रांतीच्या आसपासचा रविवार होता. थंडी मी म्हणत होती, पण ऊन वर आलं होतं. साहेब त्या दिवशी नव्हते. मालतीला डब्यांच्या टोपल्यांपाशी बांधावर बसवलं. ड्रायव्हर मुनियप्पा चहा प्यायला गावात गेला. बाकी सगळ्यांना घेऊन मी उथळ पाण्यातून, मग खोडांवरून एकेक करत बेटावर गेले. चित्रबलाकांची पिल्लं घरट्यातून माना काढून ओरडत होती. पोरं खूश. मी मोजलं, बरोबर आलं. आणि मग नदीवरून धुकं उठलं.

बेंगळूरचं हिवाळ्यातलं धुकं पहाटे पडतं आणि उन्हानं पळतं, हे मला माहीत होतं. हे मात्र ऊन असतानाच पाण्यातून वर आलं. बघता बघता पाणकणसं गेली, खोडं गेली, समोरची बाभळ गेली. मी लांब शिट्टी वाजवली. सगळे होते तिथेच बसून राहिले. शहाणी माणसं. फक्त बापटबाई उठून उभ्या राहिल्या, कारण त्यांचे यजमान कॅमेरा घेऊन बेटाच्या पलीकडच्या टोकाला गेले होते.

"अहो! अहो, कुठे आहात?" बापटबाईंनी हाक मारली.

लांबून, बांधाकडून, बारीक आवाज आला, "अहोऽऽ!" ती मालती.

आणि पाणकणसांतून पुरुषाचा आवाज आला, "आलो गं! आलो!"

"या लवकर! अहो, इकडे!" बापटबाई ओरडल्या.

"आलो, आलो!" पाण्यात पावलं वाजू लागली. मला बरं वाटलं. एक माणूस तरी येतोय. तेवढ्यात माझ्या मागच्या बाभळीआडून बापट आले, कॅमेरा गळ्यात. बायकोला म्हणतात, "इथेच तर आहे मी. ओरडतेस कशाला?"

बापट इथे, मग पाण्यातून "आलो" म्हणतोय तो कोण?

मी मोजलं. एक मोठं आणि एक लहान कमी. "माधवराव कुठे आहेत?"

बापट म्हणाले, "ते मघाशीच गेले की परत. मुलीला थंडी वाजत होती. म्हणाले, आईजवळ सोडून येतो."

देवा रे! म्हणजे शकूला खांद्यावर घेऊन हा माणूस खोडांवरून पलीकडे उतरला, उथळ पाण्यात शिरला, आणि मधेच धुक्यानं त्याला गाठलं. आता त्याला बांध दिसत नव्हता, बेट दिसत नव्हतं. कानावर पडत होतं ते फक्त "अहो", दोन्ही बाजूंनी. आपल्याकडच्या बायकांचं "अहो" सगळं सारखंच. धुक्यात तर आवाजही ओळखू येत नाही. त्यानं जवळचं "अहो" धरलं होतं. आणि जवळचं "अहो" आमच्याकडून गेलं होतं. त्याच्या आणि आमच्यामध्ये ती मूळ धार होती, आणि आवाज येत होता तो खोडांच्या बाजूनं नाही, धारेच्या खूप खालच्या अंगानं.

मी ओरडले, "माधवराव, थांबा! मागे फिरा! पुढे खोल आहे!"

"आलो, अक्का!" आवाज आणखी जवळ.

शकू त्यांच्या कानाशीच भोकाड पसरून रडत होती. माझे शब्द त्यांना कुठले ऐकू येणार? मी लांब शिट्टी फुंकली, उभे राहा म्हणून. पावलं क्षणभर थांबली आणि मग दुप्पट वेगानं आमच्याकडे येऊ लागली. घाबरलेल्या माणसाला शिट्टीचा अर्थ आठवत नाही. माणसं कुठे आहेत एवढंच त्याला कळतं, आणि तो तिकडे धावतो. आम्ही जितकं ओरडू तितकं त्याला धारेत ओढू, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. शिट्टी माझ्या गळ्यात होती आणि ती वाजवायची सोय उरली नव्हती.

बापटबाईंनी पुन्हा तोंड उघडलं तशी मी त्यांच्या तोंडावर हात दाबला. सगळ्यांना सांगितलं, हूं की चूं करायचं नाही. एक म्हातारीबाई स्तोत्र पुटपुटत होत्या, त्यांनाही गप्प केलं. मग आम्ही नुसतं ऐकत राहिलो. डुबुक, डुबुक. शकूचं रडणं. डुबुक. मी खोडांपाशी गेले, पण दुसरं टोक दिसत नव्हतं, खोडांवरचं शेवाळ दहिवरानं निसरडं झालेलं, आणि मी हलले की मागची पोरं हलणार. मला पोहता येत नाही. मी तिथेच उभी राहिले, पुढे पाऊल टाकलं नाही, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

बांधावरून परत आलं, "अहोऽऽ!" पण आता माधवरावांचा त्या हाकेवर भरवसा नव्हता. मघापासून त्यांना दोन्हीकडून तेच ऐकू येत होतं. तिकडे पाठ करून ते आमच्याच दिशेनं येत होते. त्यांना काहीतरी असं ऐकू यायला हवं होतं जे दुसरी कुठलीच बाई म्हणणार नाही. आणि ते बांधावरूनच यायला हवं होतं. बांधावर एकटी मालती होती.

एकदाच ओरडायचं ठरवलं. "मालती! 'अहो' नको! नाव घे! नावानं हाक मार! ते खोल पाण्याकडे चाललेत!"

पलीकडून रडवेला आवाज आला, "कसं घेऊ, अक्का?"

ती हट्ट करत नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं कसं घ्यायचं. नाव घेतलं तर तो मरणार, नाही घेतलं तर तो मरणार, अशा जागी ती उभी होती, पोटात सात महिन्यांचं पोर घेऊन. आणि माझ्या तोंडून काय निघालं असेल?

"उखाण्यात घे! लग्नातला उखाणा घे! पण घे!"

माझ्या मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. भीतीनं येतं तसं हसू. मी मागे वळून बघितलं नाही.

बांधावरून आवाज आला. आधी कापरा, तुटक. "मिरजेच्या आळीत... तंबोऱ्याची तार..." आणि थांबला. डुबुक, डुबुक. घे गं बाई, घे, मी मनात म्हणत होते. "...माधवरावांचं नाव घेते, सोडा आता दार!"

पाण्यातली पावलं थांबली.

"मालू?" माधवरावांचा आवाज आला. आमच्या अगदी समोर, इतक्या जवळ की दम लागलेला ऐकू येत होता. आमच्या आणि त्यांच्या मध्ये फक्त धार.

"मिरजेच्या आळीत तंबोऱ्याची तार!" आता ती जोरानं म्हणत होती. वरात दारात आल्यावर नणंदेनं वाट अडवली तेव्हा घेतलेला तो उखाणा होता, हे तिनं मला मागाहून सांगितलं. घरच्या लोकांसमोर खाली मान घालून पुटपुटलेला. तोच ती आता नदीवर ओरडत होती. "माधवरावांचं नाव घेते, सोडा आता दार!"

आणि तेवढ्यात धप्पकन मोठा आवाज झाला. पाणी उसळलं. शकूचं रडणं तुटलं.

मी खाली बसले. बापटबाई माझ्या दंडात नखं रुतवून होत्या. त्या बेटावर एवढी माणसं, पण श्वास कुणी घेत नव्हतं. रडणारं पोर गप्प झालं की आयांना किती बरं वाटतं! ते मूल पुन्हा रडावं म्हणून मी देवाला हात जोडत होते.

रडणं थांबलेलं मालतीलाही ऐकू गेलं असणार. उखाणा संपला. "राव" गेलं, "अहो" गेलं, सगळं गेलं.

"माधव! ए माधव! इकडे ये! शकूला घेऊन इकडे ये रे! माधव! माधव!"

संध्याकाळी दारात उभी राहून आई पोराला बोलावते, तसा आवाज. बेटावरचे सगळे पक्षी उठले. पंखांचा फडफडाट झाला, तो विरला, तरी ती हाक मारतच होती. घसा फाटला तरी थांबली नाही. किती वेळ, मला सांगता यायचं नाही. मला तो वेळ संपलासा वाटत नाही, अजूनही कधी कधी.

मग शकू खोकली. आणि ठणाणा रडायला लागली. ते रडणं हळूहळू लांब जात होतं. आमच्यापासून लांब, बांधाकडे. शेवटी तिकडून "आई!" अशी हाक आली आणि मालतीचा आवाज बंद झाला.

ऊन चढलं, धुकं गेलं. मी सगळ्यांना मोजून, हाताला हात धरून खोडांवरून आणलं. काठावर बघितलं तर पाणकणसं मोडून पडली होती, धारेच्या अगदी तोंडाशी. माधवराव तिथे छातीपर्यंत गेले होते. घसरले तेव्हा शकू त्यांच्या खांद्यावरून पाण्यात गेली, तिला त्यांनी केसांना धरून वर काढलं, आणि पाणकणसांना धरून, हाक येत होती तिकडे तोंड करून, रांगत मागे सरकले.

बांधावर मालती लेकीला पदरात गुंडाळून बसली होती. नवऱ्याकडे बघत नव्हती. चिखलानं माखलेले माधवराव मात्र हसत होते. मरता मरता वाचलेला माणूस हसतो तसं, थांबता येत नाही असं. म्हणाले, "अक्का, ऐकलंत ना? एकेरीत हाका मारल्या मला!"

मालतीचा चेहरा पांढराफटक पडला. मी त्यांच्यावर खेकसले, "गप्प बसा हो तुम्ही! तिळगूळ खा."

परतताना ती बसमध्ये माझ्याशेजारी येऊन बसली. माझा हात हातात घेतला.

"अक्का, उखाण्यातलं चालतं ना?"

"चालतं की."

"पण नंतर मी नुसतंच घेतलं. कितीदा घेतलं." तिनं पोटावर हात ठेवला. "आता यांचं काय होईल हो?"

पुण्यामुंबईची एखादी शिकलेली बाई म्हणाली असती, असलं काही नसतं, वेडेपणा आहे. मीही म्हणू शकले असते. पण भ्यायलेल्या माणसाला असलं काही नसतं म्हटलं की ते जास्त भितं, हे मला माझ्यावरून ठाऊक. मी पाठ ताठ केली आणि ठणकावून खोटं बोलले.

"अय्यो, एवढंच ना? आमच्या बेंगळूरात नदीकाठी नाव घेतलं तर चालतं. जुनी पद्धत आहे इथली. पाणी साक्षीला असतं, दोष लागत नाही."

"खरंच?"

"चार पिढ्या आहोत आम्ही इथे. मला नाही कळणार तर कुणाला? काय मुनियप्पा, हौदा?"

मुनियप्पाला मराठीचं अक्षर कळत नव्हतं. तो स्टिअरिंगवरूनच म्हणाला, "हौदु अम्मा, हौदु." हो म्हणाला, झालं. मालती माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली.

तिची भीती गेली, आणि ती माझ्या मानगुटीवर बसली. उद्या या माणसाला साधा ताप आला, सायकलवरून पडला, तर ही काय म्हणेल? रोज सकाळी कारखान्याच्या फाटकातून आत आले की पहिलं सायकलच्या शेडमध्ये जाऊन माधवरावांची सायकल बघायची. दिसली की मग कामाला लागायची. आमचा शिपाई म्हणायचा, अम्मांना सायकल घ्यायची आहे बहुतेक.

पुढच्या हिवाळ्यात मालती पुन्हा आली, कडेवर मुलगा घेऊन. तोवर गंमत अशी झाली होती की "बेंगळूरची पद्धत" क्वार्टर्सभर पसरली होती. बस थांबून बायका बांधावर चढल्या की एकेकीचा आवाज सुटायचा. "दत्तात्रय!" "ए यशवंत!" कुणी लाजत, कुणी हसून हसून मुरकुंडी वळेपर्यंत. नवरेही "ओ" देत, तेही मोठ्या खुशीत. माझं काम सोपं झालं, कारण आता धुकं पडलं तरी प्रत्येक पुरुषाला आपली बाई कुठे आहे ते नेमकं कळायचं. फक्त "माधव" अशी हाक मात्र मी पुन्हा ऐकली नाही. माधवराव मालतीच्या नजरेआड जातच नसत.

त्या हिवाळ्यात सुमन नावाची एक नवी नवरी आली होती, लग्नाला महिनाही झाला नसेल. तिचा नवरा पाणकणसांच्या पलीकडे गेला आणि ही बांधावर पदराशी चाळा करत उभी. हाक मारायची होती आणि जीभ उचलत नव्हती. मालती तिला म्हणाली, "अगं, मार की नावानं. नदीकाठी चालतं. इथली जुनी पद्धत आहे."

मी ऐकत होते. सुमन दोन पावलं पुढे गेली तशी मालती माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाली, "अक्का, बाळंतपणात मला न्हाऊ घालायला येणारी बाई तुमच्या चिकपेटेतलीच होती. मी तिला विचारलं होतं. ती हसत सुटली. म्हणाली, असली पद्धत आमच्यात कुणी ऐकलेली नाही."

मी विचारलं, "मग? तुला भीती नाही वाटली?"

"वाटते ना. रोज वाटते. हे कारखान्यातून घरी येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो." तिनं मुलाला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. "पण ती भीती मला एकटीला पुरे झाली, अक्का. सगळ्यांनी कशाला घाबरायचं?"

सुमननं इकडे तिकडे बघितलं, तोंडाला पदर लावला आणि पुटपुटल्यासारखं काहीतरी नाव घेतलं. मालती तिच्यामागे जाऊन उभी राहिली आणि तिच्या तोंडावरचा पदर तिनं बाजूला केला.

"मोठ्यानं घे गं," ती म्हणाली. "त्याला ऐकू गेलं पाहिजे."